न झालेला छळ

मुलुंड, मंगळवार

आई, तुला नमस्कार.

फोनवर तू रडतेस, म्हणून लिहिते. भाड्याची खोली चांगली आहे, जेवण वेळेवर होतं. तुझे गुडघे कसे आहेत?

आज वकीलबाईंकडे गेले. देवेश संमती देत नाही, म्हणून मला घटस्फोट हवा तर त्याचा दोष दाखवावा लागतो. कायदाच तसा. बाईंनी अर्जात लिहिलं, नवरा मारायचा, सासू उपाशी ठेवायची. मी म्हटलं, अहो, माझा डबा सासूबाईच भरायच्या. तर म्हणाल्या, "मग सुटका विसरा."

माझं डोकंच फिरलं. तूही तेच विचारतेस, "मारणा नाय, पिणा नाय, मगे सोडतंस कित्याक?" मला त्याच्याबरोबर राहायचं नाही, हे कारण कुणालाच का पुरत नाही?

बांधाच्या भांडणात बाबांनी रवळनाथासमोर खोटी शपथ घेतली नाही, जमीन घालवली. मी कोर्टात खोटी शपथ घेऊन सासूबाईंची अब्रू घालवू? सही न करता उठून आले. दुसरा वकील बघते.

वाडीत कुणी विचारलं तर सांग, जावई चांगला आहे, पण आमच्या रुचिराला नको आहे. आणि सांगताना मान खाली घालू नकोस.

तुझीच,
रुचिरा