दोघींची एकांकिका तू एकटीनं केलीस

प्रिय उज्ज्वला,

गेल्या रविवारी पूर्णेला, तू गेल्यानंतरच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात मला बोलायला उठवलं. विद्यापीठातली मैत्रीण म्हणून! मी माईकसमोर उभी राहिले, दोन वाक्यं बोलले आणि खाली बसले. लोकांना वाटलं, हिला रडू आवरेना. तसं नव्हतं गं. माझ्या आधी तुझी विद्यार्थिनी रुक्साना बोलली होती आणि तिनं जे सांगितलं ते ऐकून माझी जीभच उचलेना. तिथं जे बोलता आलं नाही ते लिहायला बसले आहे.

आपण पहिल्यांदा भेटलो ते मुलींच्या वसतिगृहात, नळावर. मी सेलूची, अडत दुकानदाराची मुलगी. तू पूर्णेची, रेल्वेतल्या पॉइंट्समनची. दोघींनीही नाट्यशास्त्राला नाव घातलं होतं. "आपल्याच जिल्ह्याची हाय म्हणा की!" असं म्हणून तू माझी बादली उचललीस ती थेट खोलीपर्यंत नेलीस. आठवड्याभरात तू मला फ्रेंचच्या सकाळच्या वर्गातही ओढलंस. "फ्रेंच कशाला गं?" मी विचारलं. "एवढ्या लांब आलोय, तर अजून लांबचं कायतरी शिकू की!"

काय हसायचो आपण त्या वर्गात! सर म्हणाले, फ्रेंचमधला 'र' घशातून काढायचा. तू म्हणालीस, "हरभऱ्याची डाळ अडकल्यावानी." फ्रेंचमध्ये टेबल स्त्रीलिंगी आहे, खुर्चीही स्त्रीलिंगी. त्यावर तुझा शेरा, "खुर्ची तर आपल्याकडंबी बाईच हाय. टेबलाचं मात्र नवीन कळलं." आणि फ्रेंचमध्ये तू आणि तुम्ही वेगवेगळं असतं हे कळल्यावर तू भर वर्गात ओरडलीस, "म्हंजे आपल्यासारखंच की! इंग्रजीलाच माणसं कळत न्हाईत."

दुपारी मात्र तू गप्प असायचीस. वाचिक अभिनयाचे सर आपल्याला सगळ्यांसमोर उभं करून 'आम्ही' म्हणायला लावायचे. "आमी नाही, आम्ही. गावाकडची मराठी दाराबाहेर ठेवून यायची." मी महिन्याभरात सुधारले. मला त्याचा अभिमानही वाटायचा, खोटं कशाला बोलू? तू सुधारली नाहीस. की सुधारायचंच नव्हतं तुला?

शेवटच्या परीक्षेला दोघींनी मिळून एक प्रयोग करायचा होता. तू ग्रंथालयातून एक फ्रेंच एकांकिका शोधून आणलीस. आईच्या मागं घर विकायला बसलेल्या दोन बहिणींची. "मी थोरली, तू धाकटी. आणि आपल्या बोलीत करायचं. परभणीच्या."

मी हादरले, पण हो म्हणाले. दोन महिने आपण शब्दकोश मधे ठेवून भांडलो. एका ओळीला मी लिहिलं, 'काही हरकत नाही.' तू पेन्सिल आपटलीस. "सख्खी बहीण हरकत न्हाई म्हणती का? ऱ्हाऊ दे गं म्हणती!" ते शब्द तुझ्या तोंडून ऐकताना माझ्या अंगावर काटा यायचा. आपली माणसं एवढी सुंदर बोलतात, हे मला सेलूत कधी कळलं नव्हतं.

आता ते सांगते, जे मी रविवारपर्यंत कुणालाच सांगितलं नव्हतं.

प्रयोगाच्या आदल्या दिवशी वसतिगृहात अप्पांचा फोन आला. उद्या पाहुणे मला बघायला येणार होते. पण अप्पांनी जबरदस्ती केली नव्हती, उज्ज्वला. ते म्हणाले होते, "परीक्षा असंल तर सांग बाई, पाव्हण्यायला पुढच्या आठवड्यात बोलावतो." मीच म्हणाले, "नाही अप्पा, येते."

का? परीक्षक पुण्याहून येणार होते. सगळा विभाग बसणार होता. त्यांच्यासमोर 'आमी' आणि 'न्हाई' म्हणायची मला लाज वाटली. तुझ्या भाषेची, माझ्या आईच्या भाषेची लाज! तू नाटकाचे कपडे आणायला शिंप्याकडं गेली होतीस. 'तब्येत बरी नाही, घरी जाते' अशी चिठ्ठी तुझ्या उशीवर ठेवून मी एसटीत बसले.

तू ती एकांकिका एकटीनं केलीस. धाकटी बोलताना ओढणी डोक्यावर, थोरली बोलताना खांद्यावर. हे मला वर्गातल्या मुलींनी पत्रानं कळवलं. मी परत आलेच नाही. नाट्यशास्त्राचं एम.ए. अर्धवट सोडलं, लग्न झालं, बी.एड. केलं, सेलूच्या शाळेत लागले.

तू लग्नाला आली होतीस. आईनं तुला कौतुकानं सांगितलं, "तुमच्या नाटकाच्या दिवशीच पसंती झाली बघ हिची!" तू माझ्याकडं पाहिलंस. मी हातावरच्या मेंदीकडं पाहत बसले. तू आईला म्हणालीस, "चांगलं झालं की काकू." बस्स! तेव्हाच का भांडली नाहीस? दोन शिव्या दिल्या असत्यास तर मी सुटले असते.

पुढं तू पूर्णेलाच शिक्षिका झालीस. पोरींची नाटकं बसवायचीस, रेल्वे क्वार्टर्समधल्या लेकरांना फ्रेंच शिकवायचीस. मला फोन करायचीस, "ये की एकदा, पोरीला शिकवायला." मी म्हणायचे, शाळेच्या परीक्षा आहेत. सेलू ते पूर्णा असं किती लांब आहे गं? आणि तूही कमी नाहीस. शेवटच्या तीन महिन्यांत चारदा बोललीस आणि चारही वेळा माझ्या गुडघ्याची चौकशी करत बसलीस. स्वतःच्या दुखण्याचा एक शब्द नाही! मला कळवायचं नाही असं तुला का वाटलं? मी पुन्हा येणार नाही, असं वाटलं का?

रविवारी रुक्साना म्हणाली, "मॅडम दरवर्षी नव्या पोरीला सांगायच्या, नाटकाच्या दिवशी माझ्या मैत्रिणीला लय ताप होता, तरी ती उठायली होती. मीच तिला झोपवून गेले." आणि सगळ्यांनी माझ्याकडं मायेनं पाहिलं.

इतकी वर्षं! ताप नव्हता हे माहीत असून!

कार्यक्रम संपल्यावर मी रुक्सानाला बाजूला घेतलं आणि म्हणाले, "मला ताप नव्हता. मी पळून गेले होते. आपल्या बोलीची लाज वाटली म्हणून." ती चपलेच्या टोकानं माती उकरत राहिली. मग म्हणाली, "तीच एकांकिका बसवायलो होतो आमी. मी धाकटी, मॅडम थोरली. अर्ध्यात ऱ्हायली." तिनं वर पाहिलं. "मग आता येता का?"

मी हो म्हणाले आहे.

काल शनिवारी पहिल्या तालमीत माझी जीभ अडखळली. इतकी वर्षं शाळेत शुद्ध बोलून बोलून आईची बोली जड झालीय. रुक्सानानं मला दोनदा थांबवलं, "असं न्हाई काकू, सरळ बोला." मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू!

थोरलीची सगळी वाक्यं मी पाठ करते आहे, तुझी वाक्यं. दर शनिवारी शाळा सुटली की पूर्णेची गाडी पकडणार आहे. तुला शब्द देते, उज्ज्वला, पडदा उघडेल तेव्हा मी रुक्सानाच्या शेजारी उभी असेन. जीभ अडखळली तरी तिला एकटीला सोडून जाणार नाही.

तुझी,
सुनंदा