जावेच्या तव्यावरची भाकरी

आई, तुझ्या नातीची भाकरी काल फुगली. तशी खात्री काकीने दिली, म्हणजे तुझ्या धाकट्या जावेने, आणि भाकरी भाजली तीही तिच्याच तव्यावर. तू असतीस तर पुढचं ऐकलंच नसतंस.

पूर्णा गावात जिथे भात पिकायचा तिथे आता गोदामं आहेत, आणि जमिनी देऊन मोकळ्या झालेल्या घरांतल्या सुना रविवारी मुलांना पारंपरिक स्वयंपाक शिकवायला हॉलवर नेतात. पोरगी सहा वर्षांची आहे, तिला भाकरी करायची होती, म्हणून मीही नेलं. शिकवायला ठाण्याहून आलेल्या बाई फोटोपुरत्या नऊवारीत होत्या. पुढे थर्माकोलची चूल, तिच्यात नारिंगी कागदाचा जाळ. गॅसची शेगडी पडद्यामागे. पत्रकावर छापलं होतं, सोबत एकच पालक, आजीला आणू नये, मुलांचं लक्ष विचलित होतं. परंपरा शिकवायची आणि जिला ती येते तिला दाराबाहेर ठेवायचं, इतका बिनधास्त मूर्खपणा मी बऱ्याच दिवसांत पाहिला नव्हता. कोणाला काही वाटलंही नाही. शेजारची बाई कानाशी येऊन म्हणाली, "बरंच केलं बाई. माझी सासू असती तर पोरांच्या हातातलं पीठ ओढून स्वतःच बसली असती."

मुलांचे हात भाजू नयेत म्हणून बाईंनी तांदळाच्या पिठाची उकड सकाळीच घरून मळून डब्यात आणली होती. थंड उकडीला कडेने तडे जातात एवढं मलाही कळतं. मुलं प्लॅस्टिकवर लाटण्याने लाटत होती, वाटीने गोल कापत होती, आया मोबाइल उंच धरून फोटो काढत होत्या. पोरीची भाकरी तव्यावर पडली आणि मधोमध फुटली. "मॅडम, फुगली का नाही?" "बेटा, फुगली नाही तरी टेस्ट सेमच असते." निघताना फुटलेल्या भाकरीचंही प्रमाणपत्र मिळालं. पोरीने ते माझ्या हातात दिलं आणि रिक्षात विचारलं, "मम्मी, तुला येते का खरी?"

नाही येत. मी चौथीत असेन. तू चुलीपुढे बसली आहेस, हाताला पाणी लावून भाकरी थापते आहेस, मी गोळ्याला हात लावते आणि तू उलथनं माझ्या मनगटावर मारतेस. "लांब हो. तुला हाफिसात जायचं हाय. हे शिकलीस तर जलमभर हेच करशील." मी लांब झाले, ऑफिसात गेले. इतकी वर्षं मी त्याला तुझी दूरदृष्टी म्हणत आले. रिक्षात बसल्या बसल्या मात्र तो नुसता हट्ट वाटला.

उरली काकी. आत्याच्या हळदीला गावातल्या बायका भाकऱ्यांना बसल्या, तेव्हा आजीने, म्हणजे तुझ्या सासूने, तव्यावर, मानाच्या जागी, तिला बसवलं आणि थोरली असून तुला उकड मळायला. तेवढ्यावरून तू मरेपर्यंत तिच्याशी बोलली नाहीस, आम्हाला तिच्या ओट्यावर पाय ठेवू दिला नाहीस. त्या पत्रकवाल्या बाईला मी दिवसभर मनात हसत होते, आई, पण तू तिच्याहून काय वेगळं केलंस?

मी रिक्षा काकीच्या दाराशी न्यायला सांगितली. ती सुकट निवडत होती. "पोरीला खरी भाकरी शिकव," मी म्हटलं. पोरीकडे, मग माझ्याकडे बघून म्हणाली, "आली शेवटी माझ्या दारात. वर गेलीस की तुझ्या आयशीला सांग, तव्यावर अजून मीच हाय." मग उठली, आधण ठेवलं, पीठ घातलं, आणि वाफ निघत असताना पोरीचा हात त्यात दाबला.

"भाजतंय."

"भाजू दे. जरा पानी लाव."

भाकरी जाड झाली, वाकडी झाली. काकीने ती तव्यावर टाकली, उलटली, वाकून बघत राहिली. "फुगली," म्हणाली. "एका अंगाला. पन फुगली." मग माझ्याकडे न बघता, "तुझ्या आयशीची यापरीस पातळ असायची. माझ्यापरीस पन."

हे ती तुझ्यासमोर कधी बोलली असती तर बरं झालं असतं. कदाचित बोललीही असती. तूच तिच्यासमोर उभी राहिली नाहीस.

परतताना पोरीने विचारलं, आजीची भाकरी कशी लागायची. मी म्हटलं, खूप छान. खरं म्हणजे मला ती चव आठवत नाही. तू ताटात वाढायचीस तेव्हा माझं डोकं पुस्तकात असायचं, जसं तुला हवं होतं तसं.

येत्या रविवारी काकीने पुन्हा बोलावलंय. मला म्हणाली, "नखं काप आन तू पन बस." पोरगी तर जाणारच. तिच्या शेजारी मीही बसणार आहे, आणि हे तुला कळवायची काही सोय नाही याचं मला थोडं बरं वाटतंय.