उगमावर पूल नसतो

नागेंद्र,

तेजस्वीला घेऊन मी सातच्या बसने कणकुंबीला निघाले आहे. काल सुट्टी म्हणून तुम्हीच तिला तिथला मलप्रभा नदीचा उगम दाखवायला नेणार होता. वाटेत कंटाळलात, खानापूरच्या घाटावर तिचे पाय पाण्यात बुडवलेत आणि "हाच उगम" म्हणून सांगितलंत. तिला दिसत नाही, पण ऐकू येतं. घरी आल्यावर तिने मला विचारलं, "आई, उगमावर ट्रक जायचा पूल असतोय व्हय गं? आणि बायका धुणं धुतात?" मग म्हणाली, "आप्पांना सांगू नको, त्यांना वाईट वाटंल."

दहा वर्षांच्या मुलीने तुम्हाला सांभाळून घेतलं. मी घेणार नाही.

तिची पांढरी काठी गाडीच्या डिकीत पोत्याखाली मिळाली. उगमाच्या कुंडाला पायऱ्या किती आणि कठडा कोणत्या बाजूला, हे मी तिथल्या पुजाऱ्यांना फोन करून विचारलं. दोन मिनिटं लागली.

भाकरी डब्यात आहे, आमटी गरम करून घ्या. संध्याकाळी उगम कसा आहे ते ती तुम्हाला सांगेल. मध्ये बोलू नका. तुम्ही तो पाहिलेला नाही.

रचना