माप समक्ष घेतलं जाणार नाही

९ ऑक्टोबर, सोमवार
आजपासून रोजनिशी. वेगळी डायरी आणलेली नाही. दुकानातली मापवही कोरोनापासून कोरीच पडून आहे, तिच्या मागच्या पानापासून सुरुवात केली.

वही कोरी का, तर मी पद्धत बदलली. लॉकडाऊन उठला तेव्हा दुकानाच्या दारात आडवी दोरी बांधली आणि पाटी लावली : माप समक्ष घेतलं जाणार नाही. मापाचा शर्ट आणावा किंवा माप व्हॉट्सॲप करावे. साथ गेली, दोरी राहिली. वेळ वाचतो, बडबड वाचते. औंधात इतका मॉडर्न टेलर दुसरा नाही. दुसरा टेलर आहे, पण तो मॉडर्न नाही.

उजव्या अंगठ्याला आणि शेजारच्या दोन बोटांना जरा मुंग्या येतात. आज कात्री दोनदा पडली. जुनी झाली आहे. जन्नतबी म्हणाली, आवं, मुंग्या कात्रीला येत्यात का हाताला? डाक्टरला दावा. बायको तीस वर्षं काजं, बटणं आणि तुरपाई करते. कटिंगमधलं तिला काय कळणार.

तरी दाखवून टाकावं. २४ डिसेंबरला आमच्या तहरीमचा निकाह आहे. नवऱ्या मुलाची शेरवानी मुलीकडून असते आणि टेलरच्या जावयाने रेडिमेड घातली तर मला औंधात तोंड दाखवायला जागा नाही. ती मीच कापणार, याच हाताने.

संकल्प : या आठवड्यात साताऱ्याला डॉ. जयराज यांना हात दाखवणे. नसांचे मोठे डॉक्टर. मूळचे औंधचे. त्यांच्या वडिलांच्या सगळ्या सफारी मी शिवल्या. एक फोन पुरे.

११ ऑक्टोबर, बुधवार
एक फोन केला. मग आणखी अकरा केले. बाराव्याला क्रांती मॅडम नावाच्या बाई मिळाल्या. म्हणाल्या, कोविडनंतर सर नवीन पेशंटला आधी व्हिडिओवर बघतात, गरज वाटली तरच समक्ष बोलावतात, आणि सगळं ॲपवरून. मी वडिलांच्या सफारींचा विषय काढला. त्यांनी माझी जन्मतारीख विचारली.

हे कसले डॉक्टर! हात न लावता माणूस कसा कळतो यांना? साथ संपून किती दिवस झाले, अजून काचेआड बसलेत. माणुसकी राहिली नाही.

१४ ऑक्टोबर, शनिवार. सकाळी ७.१०
ॲप तहरीमने मोबाईलमध्ये टाकून दिलं. नंबर सकाळी सात वाजता खुले होतात आणि सात वाजून एक मिनिटाने संपतात. मी सहा पन्नासपासून तयार होतो. अंगठा दाबला की भलतीकडेच लागतो. मोबाईलची काच खराब आहे.

पण मिळाला नंबर! जन्नतबीला हाक मारून दाखवलं. तिने चष्मा लावून वाचलं आणि म्हणाली, ह्यो लहान पोरांचा डाक्टर हाय. आणि तुमचं वय पाच लिवलंय.

सोमवारी पुन्हा प्रयत्न. चूक ॲपची आहे.

१७ ऑक्टोबर, मंगळवार
सुभेदार शंभूराज दोरीपलीकडे उभा राहून ओरडत होता. फौजेतून आला तरी शिस्त नाही. म्हणे, आवं दिलावरभाई, मापाचा शर्ट कुठनं आणू? फौजेत हुतो तवाचा हाय, त्यात आता माझा एक हात मावतोय. टेप टाका की एकदा अंगावर, किती येळ लागतोय! मी पाटीकडे बोट दाखवलं. म्हणाला, लय झालं गड्या तुझं, आणि गेला. काळाबरोबर बदलायला लोक तयारच नाहीत.

२० ऑक्टोबर, शुक्रवार
आज डॉक्टर व्हिडिओवर भेटले. चार मिनिटं दहा सेकंद. चांगला गोरापान चेहरा, वडिलांसारखा. सफारींचं सांगणार होतो, पण त्यांनी लगेच हात दाखवा म्हटलं. उजव्या हातात मोबाईल होता. डाव्या हाताने मोबाईल धरायची मला सवय नाही. म्हणून दुसरा हात दाखवला. हात शेवटी हातच.

डॉक्टर म्हणाले, मूठ वळा. वळली. बोटं उघडा. उघडली. म्हणाले, हात चांगला दिसतोय, काळजी नको, व्हिटॅमिनच्या गोळ्या लिहितो.

एवढ्या मोठ्या डॉक्टरने हात चांगला म्हटला! संध्याकाळी जन्नतबीला सांगितलं. तिने विचारलं, कंचा हात? मला तिचा सूर आवडला नाही.

२ नोव्हेंबर, गुरुवार
जावई वाजिद कुंडलचा. मोटारपंप दुरुस्तीचं दुकान आहे. फोन आला, मामू, रविवारी गाडी काढून येतो माप द्यायला, दीड तासाचा तर रस्ता. मी म्हटलं, कशाला पेट्रोल जाळता? एसटीने मापाचा शर्ट पाठवा.

जन्नतबी दिवसभर तेच. येऊ द्या की पोराला, एकदा म्होरं उभा तर ऱ्हाऊ द्या. मी सांगितलं, चौतीस वर्षांचा अनुभव आहे. शर्टावरून मी माणसाचा स्वभाव सांगतो.

१० नोव्हेंबर, शुक्रवार
दिवाळीची गर्दी. तीन कॉलर वाकड्या गेल्या. कापड हल्ली फारच सुळसुळीत येतं. चहाचा कप पडला, तो गुळगुळीत होता. मशीनच्या सुईत दोरा ओवायला पाऊण तास गेला, मग जन्नतबीने ओवला. रात्री हात जड होतो, झटकावा लागतो. उजेडात पाहिलं तर अंगठ्याच्या बुडाशी जरा खड्डा वाटला. सावली असेल.

तिन्ही कॉलर सकाळी सरळ होत्या. मी बहुतेक नीटच लावल्या होत्या.

१६ नोव्हेंबर, गुरुवार. साताऱ्याच्या हॉस्पिटलातून
ॲपला कंटाळून सकाळच्या एसटीने थेट साताऱ्याला आलो. माणसासमोर माणूस उभा राहिला की काम होतं, हा माझा पहिल्यापासूनचा सिद्धान्त.

क्रांती मॅडम काचेमागे बसल्या होत्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि काचेवरच्या कागदाकडे बोट केलं : समक्ष भेट फक्त पूर्वनोंदणीने. मी म्हटलं, बाई, मी समक्षच उभा आहे. त्या म्हणाल्या, हो, पण नोंदणी नाही. व्हिडिओची एक वेळ मोकळी आहे, साडेअकराची. हवी का?

समोरच्या बाकावर बसून घेतली. डॉक्टर त्याच दाराआड होते, दहा पावलांवर. ते 'नमस्कार' म्हणाले तो आधी दारातून ऐकू आला आणि मग मोबाईलमधून. मी म्हटलं, डॉक्टरसाहेब, मी बाहेरच बसलोय, येऊ का आत? दारातून हसू आलं. मग नेट गेलं. मोबाईलमध्ये डॉक्टर तोंड उघडं टाकून थांबले आणि दारातून त्यांचं बोलणं चालूच होतं. बाकावरची सगळी माणसं ऐकत होती. एका म्हातारीने मला सांगितलं की तुमाला बोलवत्यात वाटतं. मी उठलो तर शिपायाने बसवलं.

निकाल मात्र आपल्या बाजूने लागला. समक्ष भेट मिळाली! १२ डिसेंबर, मंगळवार, अकरा वीस. लढाई जिंकल्यासारखं वाटतंय. एवढा प्रवास केला आणि मिळाली नुसती तारीख, असं जन्नतबी म्हणेल. तिला ओळख कशी वापरतात ते कळत नाही.

२७ नोव्हेंबर, सोमवार
शेरवानी कापली. सांगलीहून आणलेलं मोतिया रंगाचं कापड, साडेचार मीटर. बिस्मिल्ला म्हणून कात्री घातली. बोटांना कात्री जाणवत नव्हती, म्हणून डोळ्यांनी कापली. तीन तास लागले. पूर्वी पाऊण तास लागायचा, पण पूर्वी मी घाई करायचो.

वाजिदच्या शर्टाचं माप अगदी सुटसुटीत. छाती छत्तीस. जन्नतबीने शर्ट उलटसुलट करून पाहिला. म्हणाली, कोपराला झिजलाय, बटणं बदललीत. मापाला कोण चांगला शर्ट देतंय व्हय? पडीक पडल्याला देत्यात. पोरगं आता इतकं बारीक न्हाई. मी तिला चहा करायला सांगितलं.

८ डिसेंबर, शुक्रवार
शेरवानी कुंडलला पोहोचली. ट्रायलसुद्धा व्हिडिओवर घेतली. वाजिदने एक हात लांब करून मोबाईल धरला होता. खांदा दिसला, कॉलर दिसली. फिटिंग एक नंबर! मी विचारलं, कसं वाटतंय? म्हणाला, झकास मामू. आवाज जरा दबलेला आला. भावुक झाला असेल.

मुलीचं सगळं नीट व्हावं म्हणून संध्याकाळी दुवा मागितली. खरं लिहितो, शेरवानी पाहताना डोळे भरून आले होते. एवढी एक गोष्ट मला माझ्या हाताने द्यायची होती.

रात्री ९.३०
वाजिदचा तहरीमला फोन, तिने आईला सांगितलं. शेरवानीची बटणं लागत नाहीत. दोन्ही पदरांत चार बोटांचं अंतर राहतं. शर्ट त्याच्या आयटीआयच्या दिवसांतला होता. मला सांगायला त्याला लाज वाटली.

पोरगं एवढं सुटलंय हे मला कुणी कळवायला नको का?

१२ डिसेंबर, मंगळवार
अकरा वीसचा नंबर. दीड वाजता आत घेतलं. जन्नतबीही आली, मी नको म्हणत असताना.

डॉक्टरांनी माझा हात हातात घेतला. उलटा केला, मनगटावर बोटाने टकटक केली, वीज गेली बोटांत. मग अंगठा आणि बोट यांच्यात एक कागद धरायला दिला आणि हळूच ओढला. कागद त्यांच्याकडे गेला. सगळं मिळून अर्धा मिनिट.

विचारलं, किती दिवस झाले? मी म्हटलं, दहा-पंधरा दिवस. मागून जन्नतबी म्हणाली, आवं दीड वरीस झालं डाक्टर. गेल्या साली रमजानपास्नं त्यास्नी दोरा ओवता येत न्हाई.

डॉक्टर म्हणाले, मनगटात नस दबली आहे, अंगठ्याचं मांस वाळलंय. शुक्रवारी छोटं ऑपरेशन करू. कात्री सध्या बंद. पुढे किती भरून येईल ते आत्ता सांगत नाही. मग जरा वैतागून, आधी का नाही दाखवला? मी म्हटलं, दाखवला की, तुम्हीच चांगला म्हणालात. त्यांनी कॉम्प्युटरवर पाहिलं. उजवा हात, नॉर्मल, असं लिहिलेलं होतं. मग त्यांनी विचारलं, कोणता दाखवला होता? आणि स्वतःच म्हणाले, विचारायला हवं होतं मी.

वातावरण हलकं करावं म्हणून मी शेवटी सफारींचा विषय काढला. डॉक्टर म्हणाले, हो, शेवटची आठवते. बाबा तुमच्या दुकानात आले होते. तुम्ही दोरीपलीकडून मापाचा शर्ट मागितला. त्या वर्षात ते फार वाळले होते. जुन्या मापाची सफारी अंगावर लोंबत होती. घालून आरशापुढे उभे राहिले, काढून ठेवली, परत घातली नाही. तुमचं नाव मात्र शेवटपर्यंत चांगलंच घेत होते.

कापड पाणी पिऊन ढिलं झालं असणार. तसं होतं कधीकधी.

परतीच्या एसटीत जन्नतबीने माझा हात मांडीवर घेऊन ठेवला होता. मला तिचा हात लागत होता की नाही, नीट कळत नव्हतं.

२५ डिसेंबर, सोमवार
आजची नोंद मी सांगतो आहे आणि जन्नतबी लिहिते आहे, कारण उजवा हात पट्टीत आहे. तिने आधी मागची सगळी पानं वाचली. मला दुकानाच्या ओट्यावर बसवून ठेवलं आणि एकटीच वाचत बसली. दोनदा हसली. एका पानावर हसली नाही. कोणत्या ते सांगत नाही.

काल निकाह झाला. शेरवानी वाजिदला अंगासरशी बसली. पाहुण्यांनी मला मिठ्या मारल्या. शंभूराज म्हणाला, ऑपरेशन झालं तरी हात काय हटंना गड्या तुझा! मी मान हलवली.

लिहिणारीचं म्हणणं आहे की इथे खरं लिहावं. तर वाजिदला १३ तारखेला तिने बोलावून घेतलं, समोर उभं केलं, टेप टाकला. छाती बेचाळीस. नवीन कापड आणून रात्रंदिवस तिनेच कापली आणि तिनेच शिवली. दिवाळीतल्या तिन्ही कॉलरही तिनेच सरळ केलेल्या. कटिंग कुठे शिकलीस असं मी विचारलं. म्हणाली, तीस वरीस तुमचं उसवतीया, त्यातनंच शिकले.

दोरी तिने सकाळी सोडली. कपडे वाळत घालायला घरी नेली. शंभूराजचं माप घेतलं. ती आकडे सांगत होती आणि लिहून घ्यायला मला हात नव्हता, म्हणून मी ते मोठ्याने परत म्हणत होतो. बाहेर आणखी चौघं उभे होते.

वहीत यापुढे मापांना पानं लागणार, म्हणून रोजनिशी बंद करावी असं ठरलं. कुणी ठरवलं ते लिहायची गरज नाही.

सहीच्या जागी अंगठा केला आहे. डावा. लिहिणारीने समक्ष पाहून घेतला.