पन्नास आणि एक्कावन्नच्या मध्ये

३ जुलै
चालला एकदाचा! कॉम्प्युटर मनात एक ते शंभरमधला आकडा धरतो, आपण तो ओळखायचा. चुकलं की 'मोठा सांगा' नाहीतर 'लहान सांगा' म्हणतो. क्लासला जाऊन शिकले, आणि हा मी लिहिलेला पहिलाच प्रोग्रॅम — ह्यांच्यासाठी. अर्धांगाच्या झटक्यानंतर ह्यांची वाचा गेली. डोकं किती शाबूत आहे ते आकड्यांवरून कळेल, असं डॉक्टर म्हणाले होते.

४ जुलै
ह्यांनी एका बोटाने ५० दाबलं. 'मोठा सांगा.' ७५ — 'लहान सांगा.' ६० — लहान. ५१ — लहान. तिथे अडले. पडद्यावरच्या ५० वर बोट ठेवलं, मग ५१ वर. पुन्हा ५०, पुन्हा ५१. माझ्याकडे बघत राहिले. अहो, पुढचा दाबा ना, म्हटलं. तर लॅपटॉप ढकलून दिला.
आयुष्यभर गणित शिकवलेला माणूस.

७ जुलै
रोज तेच.

९ जुलै
मुलाचा फोन. लपवून काय करू — बाबांना लहान-मोठंही कळत नाही रे आता, म्हणून सांगितलं. म्हणाला, "आई, तुला एकटीला हे झेपणार नाही."

२० जुलै
ह्यांना शुश्रूषा केंद्रात ठेवलं. निघताना माझं मनगट सोडेनात. नर्सने एकेक बोट सोडवलं.

२ ऑगस्ट
घर रिकामं करून दिलं. आता मी मुलाकडे.

५ ऑगस्ट
सूनबाई असले प्रोग्रॅम लिहिण्याचीच नोकरी करते. जेवायला बसता बसता सहज तिला खेळ दाखवला. तिने दोन मिनिटं पाहिलं. "आई, आकडा धरायची ओळ चुकीच्या जागी पडलीय. तुम्ही उत्तर दिलंत की तो दर वेळी नवाच आकडा धरतो. यात कुणी जिंकलंच तर नशिबाने." तिने ती ओळ उचलून वर ठेवली. खेळ सुतासारखा सरळ झाला.
हातातला घास ताटात ठेवला. पन्नासहून मोठा, एक्कावन्नहून लहान — असा आकडाच नाही. तेच दाखवत होते ते! मुलांच्या वहीतली चूक दाखवावी तशी माझी चूक दाखवत होते. आणि मी पोराला काय सांगून बसले!

६ ऑगस्ट
लॅपटॉप घेऊन केंद्रात गेले. ह्यांनी न अडखळता आकडा काढला. मला रडू आवरेना. त्यांनी पडदा मिटवला, माझा हात धरला, ओठ जुळवत राहिले. झटक्यानंतरचा पहिला शब्द —
"घरी."