न वाचता म्हटलेलं ओके

प्रिय बाबा,

तुम्हाला जाऊन आज बावीस दिवस झाले आणि आई तिसऱ्यांदा तुमचा फोन मागून राहिली. "चालू करून दे माय, त्यायचा फेट्यातला फोटो आहे त्यात, मोठा करून आनू." मी म्हटलं, चार्जर बिघडलाय. चार्जर ठणठणीत आहे. फोन चार्ज करून, बंद करून माझ्या पर्समध्ये ठेवलाय. म्हणून हे लिहितेय. दुसऱ्या कोणाला सांगू?

अजून रडले नाही मी. आत्या म्हणाली, "पोट्टी गोटा झाली." खरंच काही वाटत नाही. भाजी चिरते, पाहुण्यांना पाणी देते. कोणी विचारलं, बरी आहेस ना, की म्हणते, "ओके."

तुमचा शब्द, नाही का! माझ्या तोंडून आला की तुम्हाला चीड यायची.

सातवी शिकलेले तुम्ही. नांदगाव पेठला कापड कारखान्यात चेकर म्हणून लागलात आणि इंग्रजीतला हा एक शब्द रोज लिहावा लागला. काचेच्या टेबलावरून कापड सरकायचं, खालून ट्यूबलाइट, आणि तुम्ही डाग, गाठी, तुटके धागे शोधायचे. अख्खा तागा पाहून झाला की चिठ्ठीवर ओके आणि खाली सही. पहिल्या आठवड्यात तुम्हाला वाटलं, ओके म्हणजे चांगलं. एक तागा वरून छान दिसला, लिहून मोकळे झालात. आत भोकं निघाली. सुपरवायझर सगळ्यांसमोर म्हणाला, "भाऊ, ओके म्हंजे चांगलं नाही. ओके म्हंजे मी पायलं." घरी येऊन हे तुम्ही असं सांगितलंत, जसा काही नवा जीआरच निघाला!

मग तुम्हाला नादच लागला. कोण कुठे ओके म्हणतं आणि त्याचा अर्थ काय, हे आम्हाला जेवताना ऐकावं लागायचं. साहेबाचं ओके म्हणजे निघा आता. डॉक्टरचं म्हणजे पुढचा पेशंट पाठवा. मामाचं म्हणजे येतो म्हणतो पण येत नाही. "अन् आमच्या रंजूचं ओके म्हंजे कान बंद!"

मी अकोल्याला मेडिकलच्या काउंटरवर लागले तेव्हापासून तुमच्या प्रत्येक मेसेजला माझं हेच उत्तर. लगेच तुमचा फोन.

"पायलं का नुसतंच म्हनलं?"

"पाहिलं ना बाबा!"

"मंग सांग, काय लिवलं होतं?"

किती वेळा पकडलंत! मी चिडायची, आणि तुम्ही खो खो हसायचे.

त्या दिवशी दुपारी एक वाजून दहा मिनिटांनी मेसेज आला. काउंटरवर गर्दी होती. वरची ओळ दिसली, तुरीच्या शेंगांची. मी ओके टाकलं आणि फोन पालथा ठेवला. चार वाजता शेजारच्या काकांचा फोन आला.

मेसेज पूर्ण वाचला तो एसटीत.

"रंजू तुरीच्या शेंगा आल्या. तुयासाठी निवडून ठेवल्या. मोटर दुरुस्त झाली. सकाळपासून छातीत जड वाटून राहिलं, डावा हात बी दुखते. आईले सांगू नको, घाबरते. तू सांग काय करू."

मूर्तिजापूर येईपर्यंत तेवढंच वाचत होते. शेजारच्या बाईनं संत्रं सोलून दिलं, मी खाल्लं. गोड होतं. त्याची मला अजून लाज वाटते.

बाबा, असं कुणी लिहितं का हो? शेंगा आधी आणि छाती नंतर! दुकानात कोणी म्हटलं की छातीत जड वाटतं, तर मी गोळी न देता त्याला आधी डॉक्टरकडे पिटाळते. तुम्हाला माहीत होतं, म्हणूनच मला विचारलंत. मग नेमका त्याच दिवशी उलटा फोन का नाही केला? का तुम्हाला वाटलं, या वेळी तरी पोरीनं खरंच वाचलं आणि तिला काही घाबरण्यासारखं दिसलं नाही?

आई त्या दुपारी शेजारी वड्या घालायला गेली होती. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला तेच सांगते. "मले म्हनले पित्त झालं. मी सोडा देला अन् गेली. मी काहून गेली वो? कोनालेच सांगतलं नाही त्यायनं. मी घरी असती तर मले सांगतलं असतं." काल तिनं स्वतःच्या थोबाडीत मारून घेतल्या. मी तिचे हात धरले आणि म्हटलं, "आई, तुझी काही चूक नाही." कोणाची आहे, ते नाही सांगितलं.

मेसेज पुसायला काय, एक बोट लागतं. आज दुपारी बोट तिथे नेलंही होतं. तुमच्या फोनमधून पुसायचं, माझ्या फोनमधून पुसायचं, आईला फोटो द्यायचा, संपलं. नाही झालं माझ्याच्यानं. तुमचं शेवटचं बोलणं आहे ते, आणि ते मला विचारलेलं आहे.

आईला सांगू नको, असं तुम्ही लिहिलंत आणि खाली माझं ओके आहे. तो शब्द मी पाळला तर आईचा जीव जाईल. मोडला तर ती मला जवळ घेईल की दारात उभं करणार नाही, कोणास ठाऊक. भीती वाटते, बाबा. बावीस दिवसांत पहिल्यांदा काहीतरी वाटतंय, तर ते हे.

तर ऐका. उद्या सकाळी तिचा चहा झाला की फोन चालू करणार आहे. तुमचा मेसेज मीच वाचून दाखवीन, आणि खालचं माझं उत्तरही. ती मारेल तर मारू दे. माझ्या वाट्याच्या थोबाडीत ती स्वतःला मारून घेतेय, आणि मी शेजारी बसून तिचे हात धरतेय. हे उद्यापासून बंद.

तुम्ही नको म्हटलंत तरी सांगणारी,
तुमची रंजू