मुलांचा वार, मुलींचा वार आणि भाऊजींचा पंप

वडनेर भोलजी

आदरणीय भगवंतराव भाऊजींना तुळशीरामचा वाकून नमस्कार (कंबर धरलीय, म्हणून थोडाच वाकलोय, कारण पुढे येईल). तुमचे गुडघे, संजीवनीताईचा खोकला आणि म्हशीची तब्येत कशी आहे ते कळवावे. इकडे आम्ही मजेत. तुमचं लेकरू प्रेमही मजेत. तुम्ही विचारलं नाहीत, तरी सांगतो.

दिवाळीत लेकरानं "मी ना पोरगा, ना पोरगी" असं सांगितलं, तुम्ही अबोला धरलात आणि ते माझ्याकडे शिकायला आलं. आमच्या शाळेचं वाचनालय माझ्या ताब्यात आहे (ताबा म्हणजे किल्ली). तिथली शिस्त फार जुनी. सोमवार-बुधवार मुलांचे, मंगळवार-गुरुवार मुलींचे. कपाटंही दोन, मुलांच्यात यंत्रं आणि शिकारी, मुलींच्यात पाककृती आणि भरतकाम. प्रेम रोज दारापर्यंत यायचं आणि परत जायचं. शेवटी एकदा विचारलं, "मामा, मी कोणत्या दिवशी येऊ?" भाऊजी, फार वाईट वाटलं.

मग आमच्या मुख्याध्यापिका अनुपमा मॅडमची परवानगी काढून मी वारच मोडले. पहिल्याच दिवशी अख्खी शाळा एकदम आत घुसली आणि एक बाक मोडला. दोन्हीकडची पुस्तकं एकत्र करावीत म्हणून एक कपाट बाहेर काढायला गेलो, तर ते दारात अडकलं. मॅडम आत, शिपाई बाहेर, मधे माझी कंबर. सुतार येऊन चौकट काढेपर्यंत मॅडमनी आत बसून, प्रेमसारख्या लेकरांवरचं मी नवीन मागवलेलं पुस्तक वाचून काढलं. बाहेर आल्यावर रागावतील असं वाटलं होतं. म्हणाल्या, अशी आणखी मागवा.

पुढच्या आठवड्यात गावातले उकंडराव तणतणत आले. "मास्तर, माहा पोरगा घरी भाकरी थापून राह्यला! काऊन?" (पोरानं पाककृतींचं पुस्तक नेलं होतं.) मागून त्यांच्या मंडळी शालूबाई आल्या. "थापू द्या त्याले! मले पयल्यांदा कोनी गरम भाकर वाढली. पुस्तकं अशीच राहू द्या, मास्तर." उकंडराव आल्या पावली घरी गेले.

प्रेम आता रोज येतं, खिडकीपाशी चार पोरांत बसतं. ते नवं पुस्तक वाचून परत देताना हळूच म्हणालं, "मामा, माह्यासारखे आनखी हायेत." माझे डोळे भरून आले. मी ते पुसतोय तोवर लगेच पुढचा प्रश्न, "मोटरपंप दुरुस्तीचं हाय काय?"

काही जास्त बोललो असेन तर मेहुण्याचा आगाऊपणा समजून पोटात घाला.

तुमचा
तुळशीराम

ता. क. : एवढं लिहिण्याचं खरं कारण वेगळंच. तुमच्या विहिरीवरचा पंप बंद पडल्याचं ताईनं फोनवर सांगितलं. शाळेचा पंप प्रेमनंच चालू केलाय. तुमच्या पंपाचं ऐकल्यापासून लेकरानं पाने-पकड पिशवीत भरून ठेवलीय आणि पुन्हा तेच विचारतंय, "मामा, मी कोणत्या दिवशी येऊ?" वाचनालयाचं उत्तर मी दिलं. घराचं तुम्ही द्यायचंय.

आणखी ता. क. : पंप दुरुस्त करून घेतला असेल, तर कृपया पुन्हा बिघडवा.